सावली बेरजेत

आमच्या मॅडम आपली स्कूटर कधीही सावलीत लावत नसत. तळवड्यात आमच्या ऑफिसखाली पार्किंगला दोनच झाडं होती. त्यांच्याखालची जागा मिळावी म्हणून शेजारच्या कंपन्यांतली पोरं सकाळी लवकर येऊन गाड्या लावून ठेवत. मॅडम मात्र भर उन्हात, मधोमध गाडी स्टँडला लावायच्या, सीटवर ओला पंचा पसरायच्या आणि वर येऊन म्हणायच्या, "लोखंडाला कशाला सावली? तिथं एखादा माणूस बसला असता." त्यांच्यामुळे त्या झाडाखाली कधी एखादा माणूस बसल्याचं मी तरी पाहिलं नाही. तिथं लगेच दुसऱ्या कुणाची तरी मोटरसायकल लागायची. पण मॅडमचा हिशेब दुसऱ्यांवर अवलंबून नसे.

आम्ही नकाशे करायचो. शहरातल्या छपरांचे नकाशे. कुठल्या छपरावर किती ऊन पडतं, त्यावर मध्येच कशाची सावली येते, छप्पर स्लॅबचं आहे की पत्र्याचं, आणि तिथं सोलर पॅनल बसवले तर वीज किती निघेल, हे सगळं एका सरकारी कार्यालयाला शोधून द्यायचं होतं. उपग्रहाची चित्रं, ड्रोनने मोजलेल्या उंच्या, इमारतींची माहिती असे थर एकावर एक रचायचे आणि मग कंप्युटरला प्रश्न विचारायचे. याला जीआयएस म्हणतात. घरी आईला समजावताना मी सांगितलं होतं, "आम्ही शहराची कुंडली मांडतो, फक्त ग्रहांपैकी सूर्य तेवढा बघतो." आईला ते लगेच पटलं. तिने शेजारणीला तसंच सांगितलं आणि शेजारीण आपल्या मुलाची पत्रिका घेऊन आली.

मॅडमना माणसांची नावं लक्षात राहत नसत, किंवा त्यांना ठेवायची नसत. त्या प्रत्येकाला त्याच्या जिल्ह्याने हाक मारत. मी 'लातूर'. माझ्या शेजारी बसायचा तो 'सांगली'. धुळ्याहून दोघं एकदम कामाला लागले तेव्हा मोठा पेच पडला. शेवटी त्यातल्या एकाला 'शिरपूर' असं तालुक्याचं पद मिळालं आणि तो बिचारा बरेच दिवस नाराज होता. रत्नागिरीचा एक मुलगा मुलाखतीला आला, तर "घ्या याला, आपल्याकडे कोकण रिकामंच आहे," असं त्या त्याच्यासमोरच म्हणाल्या. या शहरात आले तेव्हा पहिले काही महिने मला रोज रडू यायचं. कॉटबेसिसची खोली, डबा, अनोळखी बस, सगळं अंगावर यायचं. अशा दिवसांत कुणीतरी उठता-बसता "लातूर, चहा घेतलास का?" असं विचारत होतं, त्याच्यावर मी तगले. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर "चहा कंपनीचा असतो," असं म्हणून त्यांनी मला कामाला लावलं असतं.

त्या स्वतः पुनावळ्याच्या. तिथं टॉवर यायच्या आधी, गाव होतं तेव्हापासूनच्या. एरवी आमच्याशी प्रमाण मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा काही फार आतून सांगायचं असलं की मावळ उसळून वर यायचा. "न्हाई म्हंजे न्हाई" ऐकू आलं की आख्खं ऑफिस आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घालायचं.

सावली मोजायचं काम खरं तर सॉफ्टवेअरचं. तारीख, वेळ आणि इमारतीची उंची दिली की ते सावली कुठवर पडेल ते काढून देतं. मॅडम त्याच्याकडून काढून घ्यायच्या आणि मग स्वतः तपासायला जायच्या. तपासायची त्यांची रीत वेगळी होती. जागेवर पोचलं की त्या चप्पल घालून, हात अंगासरशी धरून ताठ उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "घे माप." मी टेपने त्यांच्या सावलीचं माप घ्यायचं. चप्पल धरून त्यांची उंची आम्हाला पाठ होती. मग समोरच्या इमारतीची सावली मोजायची आणि साध्या त्रैराशिकाने तिची उंची काढायची. चाकणला एका कारखान्याच्या गेटवर आमचं हे चाललं असताना वॉचमन पाण्याची बाटली घेऊन धावत आला. मॅडमना चक्कर आली असं त्याला वाटलं होतं. तेवढ्यात शिफ्ट सुटली. बाहेर पडणाऱ्यांपैकी एकाने मला हळूच विचारलं, "ताई, कसलं आंदोलन हाय?" मॅडम मान न हलवता म्हणाल्या, "सूर्याविरुद्ध." तो माणूस गंभीरपणे मान डोलवून निघून गेला.

कुठलीही शंका त्यांच्याकडे नेली की औषध एकच मिळायचं: "जाऊन ये." छप्पर नीट दिसत नाही? जाऊन ये. ही टाकी आहे की खोली? जाऊन ये. एकदा दापोडीच्या एका भागात आमच्या सॉफ्टवेअरला घराघरावर सोलर पॅनल दिसू लागले. गडद निळे, चौकोनी, ओळीने. सरकारी कार्यालयातले साहेब खूश झाले. म्हणाले, "बघा, लोक आपल्या पुढे आहेत. याची बातमी द्यायला हवी." मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मी काही न बोलता पर्स उचलली. रेल्वेच्या कडेच्या त्या गल्लीत जाऊन बघते तर गळक्या पत्र्यांवर निळ्या ताडपत्र्या टाकून वर विटा ठेवलेल्या. परत येऊन सांगितलं तेव्हा 'सांगली' हसून हसून खुर्चीवरून पडायचा बाकी राहिला. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी ते निळे चौकोन स्वतः एकेक करून पुसले. शेवटचा पुसून झाल्यावर म्हणाल्या, "गळतंय ते गळतंय म्हणूनच दाखव. आपण बघितलंय ना?" आणि त्या घरांपुढे 'पत्रा गळका' असा नवा शेरा नकाशात आला. तो तिथं कुणी मागितला नव्हता.

आणखी एक सवय. नकाशाच्या खालच्या कोपऱ्यात त्या नकाशा करणाऱ्याचं नाव घालायला लावत. कंपनीचं नाव मोठं, पण माणसाचंही हवंच. माझं नाव कुठल्याही कागदावर असं छापून यायची ती पहिलीच वेळ. मी त्याचा फोटो काढून घरी पाठवला होता आणि वडिलांनी तो मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवला होता.

आता मुख्य गोष्ट सांगते.

दापोडीतल्या एका शाळेच्या छपरावर पहिले पॅनल बसवायचे ठरले होते. तिथला नकाशा मी केला. रंग मात्र मॅडमनी ठरवले होते. ऊन पिवळं, छप्पर पांढरं, आणि छपरावर ज्याची सावली पडते ते सगळं लाल. "डोळ्यात भरलं पाहिजे," असं त्यांचं म्हणणं. शाळेच्या दक्षिणेला एक गल्ली, गल्लीत ओळीने तीन कडुलिंब. हिवाळ्यात त्यांची सावली शाळेच्या अर्ध्या छपरावर येते. म्हणून ते तीन लाल ठिपके. नकाशा कार्यालयात गेला, तिथून ठेकेदाराकडे गेला, आणि आम्ही पुढच्या कामाला लागलो.

मग एका छपराचं माप जुळेना म्हणून 'जाऊन ये' या नेहमीच्या औषधाप्रमाणे मी तिकडे गेले. तिन्ही झाडांच्या बुंध्यांवर लाल पट्टे मारलेले होते. मधल्या झाडाखाली एक चाचा स्कूटर दुरुस्त करत बसलेले. त्यांचं गॅरेज म्हणजे ते झाडच. हवेचा पंप बुंध्याला टेकवलेला, नटबोल्टचे पाने एका फांदीला अडकवलेले. मी वर बघतेय हे पाहून त्यांनी हात पुसले आणि खिशातून घडी केलेली झेरॉक्स काढली. ठेकेदाराच्या माणसाकडून घेतलेली. नकाशा आमचा होता. चाचांनी कोपऱ्यावर काळं बोट ठेवलं.

"ह्ये नाव कुनाचं हाय?"

"माझं," मी म्हणाले.

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. ते ओरडतील असं वाटलं होतं. ते नुसतं म्हणाले, "सोमवारी कापायला येनार हायेत. झाड गेलं तर मी कुठं बसू, ते बी तुमच्या नकाशात बघून सांगा."

ऑफिसला परत येऊन मी मॅडमना सांगितलं. त्यांनी नकाशा स्क्रीनवर उघडला आणि त्या तीन ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिल्या. "लाल बघून माणूस दुसरं काय करनार?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग उठल्या आणि ड्रॉवर धुंडाळू लागल्या. कोरोनात ऑफिसच्या दारात कपाळं तपासायला आणलेली थर्मामीटरची गन तिथं पडून होती. ती घेऊन आम्ही दोघी त्याच दुपारी दापोडीत गेलो. मॅडम आधी चाचांसमोर उभ्या राहिल्या. "नकाशा माझ्या हाताखाली झालाय. चूक माझी आहे," एवढंच त्यांनी सांगितलं. चाचा म्हणाले, "चूक म्हनून काय होतंय?" त्यावर मॅडम म्हणाल्या, "बघू."

झाडांच्या मागे, फांद्यांखालीच, पत्र्याची घरं होती. मॅडमनी सावलीतल्या एका पत्र्याला गन लावली, मग गल्लीच्या पलीकडच्या उघड्या पत्र्याला लावली. उघड्या पत्र्यापुढे गनने हात टेकले. माणसाला येईल त्यापलीकडचा ताप तिला माहीतच नव्हता. दुसऱ्या दिवशी मॅडमनी चाकणच्या एका कारखान्यातून भट्टीसाठी वापरतात ती गन उसनी आणली आणि आम्ही घरोघर फिरलो. पंखा कितीवर ठेवता? कूलर आहे का? दुपारी आत बसवतं का? बायका आधी हसल्या, मग सांगू लागल्या. कोपऱ्यातल्या पहिल्या झाडामागे एक बाई एकट्या राहायच्या, घरी शिवणकाम करायच्या. त्यांनी आम्हाला बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, "ह्या झाडानं माझा पंखा वाचतो बघा."

मॅडमनी सोमवारच्या आत बैठक मागून घेतली, त्यात आम्ही चौघंच होतो. साहेब, आमचे मालक, मॅडम आणि मी. साहेब वाईट माणूस नव्हते, दमलेले होते. म्हणाले, "मॅडम, झाडं काढली की पूर्ण छप्पर मोकळं होतंय. तुमच्याच नकाशात आहे."

मालक घाईने मध्ये पडले. "सर, ठेकेदाराने नकाशाचा चुकीचा अर्थ काढला. आमच्याकडून काही नाही."

ही वाट सोपी होती, आणि अगदी खोटीही नव्हती. पुढच्या टप्प्याचं काम आम्हाला मिळायचं होतं. चूक कबूल केली तर ते जाणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळत होतं.

"न्हाई," मॅडम म्हणाल्या. "अर्थ बरोबर काढला. नकाशा चुकला. सावली आम्ही वजाबाकीत धरली. ही झाडं मागच्या घरांचे पत्रे थंड ठेवतात. तिथं कूलर नाहीत, पंखे हळू फिरतात. ती जी वीज लागलीच नाही, ती आमच्या नकाशात कुठंच नाही. साहेब, ती बेरजेत यायला हवी होती."

साहेबांनी नकाशा जवळ ओढला, कोपऱ्यात वाकून बघितलं. "कोणी केलाय हा?"

माझी नोकरी अजून कायम झाली नव्हती. मालक माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला माझं परतीचं तिकीट स्पष्ट दिसत होतं. नकाशाच्या कोपऱ्यातलं जे नाव वडिलांनी मोबाइलच्या स्क्रीनवर ठेवलं होतं, तशाच कोपऱ्यातल्या नावामुळे मी आता घरी परत जाणार होते. मॅडमनी साहेबांच्या हातातला नकाशा काढून घेतला, पेन उघडलं, माझं नाव खोडलं आणि तिथं स्वतःचं लिहिलं. "ती नवीन आहे. तिने मी सांगितलं तसं केलं. रंग माझा, चूक माझी."

मी आयुष्यात फार कमी माणसांची अशी ऋणी आहे. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं होतं, आणि मी टेबलाखाली स्वतःचे हात घट्ट धरून बसले होते.

साहेबांनी ऐकलं. फिरून फिरून प्रश्न विचारले, घराघरांतले आकडे बघितले, आणि शेवटी मान्य केलं. पॅनल शाळेच्या उत्तरेकडच्या अर्ध्या छपरावर बसतील, झाडं राहतील. ठेकेदाराला तसं कळवतो म्हणाले. बाहेर आल्यावर मी आनंदाने उड्या मारायच्या बेतात होते. मॅडम म्हणाल्या, "कळवतो म्हणालेत. कळलंय असं अजून कुणी म्हणालं नाही. सोमवारी सकाळी आपण जाऊ."

सोमवारी मी लवकर येऊन खाली स्कूटरपाशी उभी राहिले. मॅडम वर गेल्या होत्या, हजेरी लावून लगेच येते म्हणाल्या होत्या. मालकांनी त्यांना केबिनमध्ये बोलावून घेतलं. पुढच्या टप्प्याचं काम दुसऱ्या कंपनीला गेलं होतं आणि त्याचा जाब त्यांना त्याच सकाळी विचारायचा होता. मॅडम खाली आल्या तेव्हा चेहरा नेहमीसारखाच होता. "बस मागं," म्हणाल्या. रस्त्यात सिग्नलला थांबलो तेवढ्यात त्यांनी मला सांगितलं, काम गेलं म्हणून.

आम्ही गल्लीत वळलो तेव्हा कोपऱ्यातलं झाड आडवं पडलेलं होतं.

निरोप पोचला नव्हता. करवतवाले दुसऱ्या झाडाकडे, चाचांच्या झाडाकडे वळले होते आणि चाचा त्यांच्याशी हमरीतुमरीवर आले होते. मॅडमनी साहेबांना फोन लावला आणि फोन सरळ मुकादमाच्या कानाला लावला. करवत थांबली. दोन झाडं वाचली. चाचांनी खाली बसून घेतलं आणि दोन्ही हातांनी तोंड पुसलं.

मॅडम तिथं थांबल्या नाहीत. त्या फांद्या ओलांडत कोपऱ्यातल्या घराकडे गेल्या. शिवणकामवाल्या बाई दारातच उभ्या होत्या. त्यांच्या पत्र्यावर ऊन आलं होतं. पहिल्यांदाच आलं असेल, इतका तो पत्रा उघडा वाटत होता.

"चूक माझी हाय," मॅडम म्हणाल्या.

"तुमची चूक, आन् भाजायचं मी व्हय?"

"व्हय," मॅडम म्हणाल्या. समजूत घातली नाही, नवीन झाड लावू म्हणाल्या नाहीत, साहेबांचं नाव सांगितलं नाही. बाईंनी दार लावून घेतलं तरी त्या थोडा वेळ तशाच उभ्या होत्या.

पुढे कंपनीत त्यांचं मन रमलं नाही, किंवा रमू दिलं गेलं नाही. त्या निवृत्त झाल्या. जाण्याआधी त्यांनी चाकणच्या एका कंपनीत माझ्यासाठी शब्द टाकला. तिथं मी आज कारखान्यांच्या शेडचे नकाशे करते. फोनवर माझं नाव सांगताना त्यांना ते आठवलं नाही म्हणे, "लातूरची आहे, खोटं दाखवणार नाही," एवढंच म्हणाल्या. माझ्या नकाशात झाडं लाल नसतात. झाडाच्या सावलीत किती पत्रे येतात, आत किती पंखे आणि किती कूलर आहेत, असा एक जास्तीचा थर मी घालते. कुणी विचारलं तर सांगते, बेरजेत धरायचं असतं. लोकांना ती माझी कल्पना वाटते. मी दर वेळी मॅडमचं नाव घेते.

परवा, एप्रिलच्या उन्हात, कामासाठी दापोडीत जायला झालं. चाचा मधल्या झाडाखालीच होते. दाढी पांढरी झाली होती. मी ओळख दिली तेव्हा हसले. "नकाशावाली! त्या बाई बऱ्या हायेत ना? इथं लई लोक आले, टेप घेऊन आले, कागद घेऊन आले. चुकलो म्हनायला परत आलेली ती एकच." मी म्हणाले, बरेच दिवसांत त्यांच्याशी बोलणं नाही. चाचांनी पान्याने कोपऱ्याकडे दाखवलं. "मग तिथं विचारा. त्यांना जास्त म्हाईत."

कोपऱ्यातलं दार मी घाबरतच वाजवलं. बाईंनी उघडलं. आतून भट्टीसारखी झळ आली.

"तुमच्या मॅडम? येत्यात की," बाई म्हणाल्या. "दर उन्हाळ्यात येत्यात, भर दुपारी. पहिल्यांदा आल्या तवा मी दार उघडलंच न्हाई. तर पायरीवर बसून ऱ्हायल्या. आता आत बसत्यात."

"कशाला येतात?"

"मी बी इचारलं. म्हनल्या, तुम्हाला किती भाजतंय ते मला ठावं असाया पायजे."

बाईंनी मशीनजवळची खुर्ची पुढे ओढली. "बसा. हितंच बसत्यात त्या." मग पंखा लावायला भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला.

मी खुर्चीत बसले आणि म्हणाले, "पंखा राहू द्या."